जुन्या गोळ्या तशाच ठेवा

नोकरीत खुनाचे, दरोड्याचे, फसवणुकीचे बरेच तपास केले. त्यांतले निम्मे आता फाईल उघडल्याशिवाय आठवायचे नाहीत. वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्यातला एक साधा मर्ग मात्र मी स्वतः बंद केला आणि तो माझ्या डोक्यातून गेला नाही. त्यात आरोपी नव्हता, अटक नव्हती, दोषारोपपत्र नव्हतं. वर्तमानपत्रांनी चार दिवस छापलं आणि सोडून दिलं. नावं मी कुणाचीच देणार नाही.

मर्ग म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद. कुणी विहिरीत पडतं, कुणाला साप चावतो, कुणी विजेच्या तारेला चिकटतं. ठाण्यात अशा नोंदी येतच असतात आणि बहुतेक वेळा पंचनामा, शवविच्छेदन आणि चार जबाब एवढ्यावर त्या संपतात. त्या दिवशी सकाळची हजेरी चालू असताना देवळीकडच्या एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. कालव्यात माणूस पडला आहे, मेलेला आहे. मी तिथला ठाणेदार. बीटचा हवालदार बरोबर घेतला आणि निघालो. हवालदार वडनेरचा. जिल्ह्यातलं प्रत्येक गाव त्याला तिथल्या चहाच्या टपरीवरून ओळखता यायचं.

मयत पन्नाशीचा, अंगानं धडधाकट. कालव्यात पाणी कमरेएवढं. कमरेएवढ्या पाण्यात असा माणूस आपण होऊन बुडत नाही, म्हणून मी अंगावर जखमा शोधल्या. जीभ चावलेली होती, बाकी काही नाही. खिशात तंबाखूची पुडी, चुन्याची डबी आणि एक प्लास्टिकचं कार्ड. त्यावर लिहिलं होतं, ‘मी एका वैद्यकीय संशोधनात सहभागी आहे. आपत्कालीन परिस्थितीत खालील क्रमांकावर संपर्क साधावा.’

हवालदारानं ते दोनदा वाचलं. म्हणाला, "साहेब, हा त जिनिंगमदी झाडू मारे. संशोधन कवा करे?"

पंच हसले, मीही हसलो. प्रेतासमोर पोलीस हसतात हे लोकांना खटकतं, पण ते होतं.

गावात विचारल्यावर कळलं की मयताला मिर्गीचा आजार होता. तो आधी देवळीच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, मशीनवर काम करायचा. एकदा मशीनजवळच फिट आली, तेव्हापासून मालकानं त्याला झाडलोटीला लावलं. हल्ली तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात मिर्गीवरच्या एका नव्या औषधाचं परीक्षण चालू होतं, त्यात त्यानं नाव दिलं होतं. गावकरी त्याला परीक्षण म्हणत नव्हते. आधार कार्डाची झेरॉक्स, दोन फोटो आणि सही लागली म्हणजे ती योजनाच, असा त्यांचा अनुभव. ‘मिर्गीची योजना’ म्हणायचे.

ही बातमी आमच्याआधी एका तरुण पुढाऱ्याला लागली. दुसऱ्याच दिवशी तो निवेदन घेऊन ठाण्यात आला. लेटरहेडवर त्याची इतकी पदं छापलेली होती की मजकुराला जागा कमी पडली होती. गरिबांवर परदेशी कंपन्यांचे जीवघेणे प्रयोग, तात्काळ अटक, तीव्र आंदोलन. निवेदन देताना त्याचा फोटो निघाला. पहिल्यात माझे डोळे मिटले म्हणून आम्ही ते पुन्हा दिलं-घेतलं.

मयताची बायको आली ती चौथ्या दिवशी, एकटी. गावच्या शाळेत ती पोरांचा पोषण आहार शिजवायची. मुलगा पुण्याला कंपनीत, तो मातीला येऊन परत गेला होता. "जय भीम साहेब," म्हणाली आणि खुर्ची दिली तरी टोकावर बसली. मला वाटलं, पुढाऱ्यानं पढवून पाठवली असेल. तसं नव्हतं.

"मले एकच सांगा साहेब. त्या गोळीत काय होतं?"

"कोणत्या गोळीत?"

"नव्या. दवाखान्यातल्या. मीच देत होती न रोज. सकाळी एक, सांजच्याले एक. ते नाई म्हणत. मी म्हणो, गिळा गपचूप, पुढच्या हंगामात मशीनवर उभे राहान. एक दिवस नागा नाई केला मी. आता मले वाट्टे, माह्या हातानंच गेले का?"

मी तिला पोलिसी उत्तर दिलं, की तपास चालू आहे. ती म्हणाली, "चालू असू द्या. पण मले सांगजा." मग तिचा जबाब घेतला. नवऱ्याला मधे फिट येत होत्या का, असं मी विचारलं. येत होत्या, आधीपेक्षा जास्तच. दवाखान्यात सांगितलं का? नाही. डॉक्टर विचारत तेव्हा तो ‘बरं आहे जी’ म्हणे. नवं औषध आहे, लागू पडायला वेळ लागतो, आपण तक्रार केली तर योजनेतून नाव कटेल, अशी त्याची समजूत. शिवाय मोठ्या डॉक्टरला तुमच्या औषधानं गुण नाही असं तोंडावर सांगणं त्याला बरं वाटत नव्हतं.

डॉक्टरांना भेटायला मी गणवेशात गेलो. त्यांच्या खोलीच्या तीन भिंती प्रमाणपत्रांनी भरल्या होत्या आणि चौथीवर परदेशातल्या कुठल्याशा परिषदेत काढलेला फोटो होता. त्यात ते दुसऱ्या रांगेत होते आणि फोटोवर त्यांच्या डोक्याभोवती बारीक वर्तुळ काढलेलं होतं.

"मी या अभ्यासाचा प्रमुख अन्वेषक आहे," ते म्हणाले.

"मीही तपास अधिकारीच," मी म्हटलं. "फक्त माझं काम माणूस मेल्यावर सुरू होतं."

त्यांना ते आवडलं नाही, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. निम्म्या रुग्णांना खरं औषध मिळतं, निम्म्यांना तशीच दिसणारी गोळी, जिच्यात औषध नसतं. कुणाला काय मिळालं हे रुग्णाला माहीत नसतं, डॉक्टरलाही नसतं. माहीत असलं की मन फसवतं. दोन्ही गटांतल्या रुग्णांना आधीची औषधं घ्यायचीच असतात. नवी गोळी वरून, जास्तीची. म्हणजे कुणी उपचाराविना राहत नाही.

हवालदार दाराशी उभा राहून ऐकत होता. त्यानं विचारलं, "तुमाले बी मालूम नाई, त्याले बी नाई. मंग मालूम कोनाले राह्यते?"

"संगणकाला," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी कागद काढले. परवानग्या, विमा, नैतिकता समितीच्या सभांची इतिवृत्तं. नैतिकतेचीही समिती असते आणि तिला कोरम लागतो, हे मला तेव्हा कळलं. कागद चोख होते. इतके चोख कागद पाहिले की पोलीस अधिकाऱ्याला संशय येतो. ती आमची सवय आहे आणि बऱ्याचदा ती बरोबर ठरते. मी मनाशी गुन्ह्याचं चित्र तयार करून टाकलं. कुठेतरी औषधानं अपाय केला आहे, कुणीतरी तो लपवला आहे आणि मी तो उघडा पाडणार आहे. रात्री या विषयावर मिळेल ते वाचत होतो. अशी परीक्षणं झाली नसती तर आपण आजही मिर्गीला कांदा हुंगवत बसलो असतो, हे त्या वाचनातून पटलं. पण संशय काही गेला नाही. डॉक्टरला, कंपनीला, त्या वर्तुळातल्या डोक्याला मी हातकड्या घालून पाहत होतो.

व्हिसेरा प्रयोगशाळेत पाठवला. विषाबरोबर मिर्गीच्या औषधांचाही शोध घ्यावा असं पत्रात मुद्दाम लिहिलं. मयताला कोणती गोळी मिळत होती हे लिहिलेलं कंपनीकडचं सीलबंद पाकीट औषध प्रशासनाच्या निरीक्षकामार्फत फोडून मागवलं. दोन्ही उत्तरं यायला बरेच महिने गेले. तोवर पुढाऱ्याला दुसरा विषय मिळाला होता. ती बाई मात्र दर महिन्याला बाजाराच्या दिवशी यायची, दारातून विचारायची, "आलं का जी?" आणि नाही म्हटल्यावर परत जायची.

पहिलं उत्तर कंपनीचं आलं. मयताला औषध नसलेली गोळी मिळत होती. पत्रात खऱ्या औषधाचं नाव होतं आणि ते मयताला कधीही दिलं गेलेलं नाही असा स्पष्ट खुलासा होता. डॉक्टरांनी मला फोन केला. त्यांच्या आवाजातली सुटका लपत नव्हती. "आमच्या औषधाचा काही संबंध नाही, साहेब."

आठवड्याभरात प्रयोगशाळेचा अहवाल आला. विष नाही. मिर्गीचं कोणतंही औषध नाही.

मी तो कागद पुन्हा वाचला. नवं औषध नसणारच. पण हा माणूस वर्षानुवर्षं जी जुनी औषधं घेत होता, ती कुठे गेली? मिर्गीची औषधं अचानक बंद केली तर फिट आधीपेक्षा जोरानं उलटते, एवढं मला आता माहीत होतं. म्हणजे ती कुणीतरी बंद केली होती. निकाल चांगला दिसावा म्हणून दवाखान्यातूनच तसं सांगितलं गेलं असेल, असं मी गृहीत धरलं. हातकड्या अजून माझ्या मनातून उतरल्या नव्हत्या.

रुग्णांशी बोलायचं, त्यांना गोळ्या द्यायच्या, उरलेल्या मोजून घ्यायच्या, हे सगळं काम दवाखान्यातली एक समन्वयक मुलगी करायची. नाचणगावची, बी.एस्सी. झालेली, चोवीस-पंचवीस वर्षांची. तिला दिवसा, महिला शिपायासमोर बोलावलं. गुन्हेगार माणूस चौकशीला रिकाम्या हातानं येतो. ही प्लास्टिकच्या पिशवीत फाईल, पेन ड्राइव्ह आणि पाण्याची बाटली घेऊन आली होती. मी आवाज चढवून विचारलं, "जुनी औषधं बंद करायला कुणी सांगितलं तुला?"

"कुणीच नाही सर. चालू ठेवायला सांगितलं मी. सगळ्यांना सांगते."

"पुरावा?"

"रेकॉर्डिंग आहे ना."

अशा परीक्षणात गरीब, कमी शिकलेल्या रुग्णांची संमती घेताना चित्रीकरण करावं लागतं. तिनं आणलंच होतं. मी, हवालदार आणि महिला शिपाई संगणकाभोवती बसलो. ती मागे उभी राहिली.

पडद्यावर तो माणूस जिवंत बसला होता. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. शेजारी बायको. मुलगी छापील संमतीपत्र वाचत होती. त्यात ‘यादृच्छिक’ होतं, ‘द्विअंध’ होतं. ‘रुग्णाने आपली प्रचलित औषधयोजना अपरिवर्तित ठेवावी’ असंही होतं. ज्यानं हे भाषांतर केलं त्याला मराठी येत होतं याबद्दल शंका नाही; फक्त ते कुणी ऐकणार आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. माणूस पंख्याकडे पाहत होता. दर वाक्यानंतर ‘हो जी’ म्हणत होता.

मग त्या मुलीनं एक चांगली गोष्ट केली. कागद खाली ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि घरच्यासारखं बोलायला लागली.

"काका, असं पाहा. जुन्या गोळ्या तशाच ठेवा. त्याईले हात लावू नका. अन् ही नवी गोळी सकाळ-संध्याकाळ घ्या. नागा नाई करायचा. समजलं न?"

"हो जी," तो म्हणाला. या वेळी पंख्याकडे न पाहता.

"काकू, तुमाले?"

"हो जी, समजलं."

मी चित्रीकरण थांबवलं. माझा तर्क पडला होता आणि मी जरा चिडूनच मुलीला म्हटलं, "ठीक आहे. सांगितलं आहेस तू."

हवालदार म्हणाला, "हो न साहेब. तिनंच बंद कराले सांगतलं."

"बंद? चालू ठेवायला सांगते आहे ती."

"कुठी? तशाच ठेवा म्हणे. हात लावू नका म्हणे."

"म्हणजे त्यात फेरफार करू नका. चाललंय तसं चालू द्या."

"असं म्हटलं कुठी तिनं?" हवालदाराला माझीच गंमत वाटत होती. "मी त बांधून फळीवर ठेवल्या असत्या."

मी ते पुन्हा लावलं. मी आधी छापील कागद वाचला होता, म्हणून मला एक ऐकू आलं होतं. त्यानं वाचला नव्हता. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा मलाही त्याच्यासारखंच ऐकू आलं आणि त्यानंतर पहिलं काही केल्या ऐकू येईना.

मागून मुलगी म्हणाली, "मला तसं नव्हतं म्हणायचं." थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाली, पण फक्त ओठ हलले. महिला शिपायानं तिच्या हातातली बाटली काढून घेतली आणि झाकण उघडून परत दिली.

नव्या गोळ्यांचा हिशेब दर भेटीत व्हायचा आणि तो नेहमी तंतोतंत जमायचा. जुन्या गोळ्यांचं पाकीट दाखवा असं कुणी कुणाला म्हटलं नव्हतं. ते कुणाच्या कामातच नव्हतं. मुलीनं ठाण्यातूनच बाकीच्या रुग्णांना फोन लावले. आणखी एका घरी एका बाईच्या गोळ्या ज्वारीच्या पिंपात निघाल्या. ती वाचली, एवढंच या तपासाचं फलित.

दुसऱ्या दिवशी मी आणि हवालदार मयताच्या घरी गेलो. बाई शाळेतून नुकतीच आली होती. पातेली घासून हात पांढरे पडले होते.

"आलं का जी?"

"आलं. आधी मला जुन्या गोळ्या दाखवा."

ती उठली, बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवरून एक स्टीलचा डबा काढला आणि पदरानं पुसून माझ्यासमोर ठेवला. आत पट्ट्या होत्या, रबर लावून, तारखेनं लावलेल्या. वर कडुनिंबाचा पाला.

"एक बी हलवली नाई," ती म्हणाली. "मुंगी लागू नाई देल्ली."

तिला वाटत होतं मी तिची परीक्षा घ्यायला आलो आहे. आणि ती त्या परीक्षेत पास झाली होती.

वाटेत मी ठरवलं होतं की तिला फक्त नव्या गोळीबद्दल सांगायचं. तेवढंच तिनं विचारलं होतं. म्हटलं, "मावशी, त्या नव्या गोळीत काहीच नव्हतं. नुसता खडू म्हणा. तुमच्या हातच्या गोळीनं ते गेले नाहीत. मनातून काढून टाका."

तिनं डोळे मिटले. खांदे सैल झाले, आणि मला वाटलं, चला, हे एक तरी काम नीट झालं. मी उठायला लागलो.

"काहीच नव्हतं?"

"काही नव्हतं."

"दवाईच नव्हती?"

हवालदार बाहेर आंगणाकडे पाहायला लागला. ती डब्याकडे पाहत होती. पोरांच्या ताटांचा हिशेब चुकू न देणारी बाई होती ती. तिला हा हिशेब माझ्याकडून करून घ्यायची गरज नव्हती.

"ताईनं म्हटलं होतं तशाच ठेवा."

"हो. म्हटलं होतं. मी पाहिलं."

"तशाच ठेवल्या मी."

"हो."

पुढे ती रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. तिनं डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं आणि विचारलं, "आता ह्या कोनाच्या कामी येतीन का?"

मी पट्टीवरची तारीख पाहिली. मुदत संपली होती. तसं सांगितलं.

डबा पुरावा म्हणून ताब्यात घ्यावा लागला. हवालदारानं पंच बोलावले, पंचनामा झाला. मग तिचा पुरवणी जबाब लिहिला. नियमाप्रमाणे तो वाचून दाखवायला लागलो तर तिनं हात वर केला. "वाचू नका साहेब. मले ऐकायचं नाई." आणि सही केली. जबाबाखाली ‘वाचून दाखविला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ हे आधीच टाईप केलेलं होतं. त्याखाली मी माझी सही केली.

मर्ग बंद झाला: फिट येऊन पाण्यात पडल्यानं मृत्यू, कुणाविरुद्ध तक्रार नाही. ते खरं होतं. मुलीवर गुन्हा होत नव्हता आणि दाखल करावा असं मलाही वाटलं नाही. तिनं नोकरी सोडल्याचं पुढे कळलं. डॉक्टरांनी मला परीक्षणाच्या नोंदीची प्रत दिली. त्यात मयतापुढे लिहिलं होतं की या रुग्णानं सूचनांचं पालन केलं नाही, म्हणून त्याची माहिती निष्कर्षातून वगळली आहे. पाच महिने एकही नागा न करणाऱ्या घराबद्दल हे लिहिलेलं होतं, आणि शास्त्राच्या दृष्टीनं तेही बरोबरच होतं. ती बाई बाजाराच्या दिवशी पुन्हा कधी ठाण्यात आली नाही.

या प्रकरणानं काय शिकवलं, असं लोक विचारतात. मी गुन्हेगार शोधायला शिकलेला माणूस. सगळे आपापलं काम नीट करत असताना माणूस मरतो, तेव्हा आमच्या खात्याकडे त्यासाठी रकाना नाही. ठाण्यात परतल्यावर मी एक आदेश काढला: जबाब नुसता वाचून दाखवायचा नाही, देणाऱ्याला त्याच्या शब्दांत तो परत सांगायला लावायचा. एका जबाबाला दुप्पट वेळ लागू लागला. सहा महिने चाललं. मग निवडणुकीचा बंदोबस्त आला, माझी बदली झाली, आणि नव्या ठिकाणी मी तसा आदेश काढला नाही. ज्यांचे जबाब मी वर्षानुवर्षं नुसते वाचून दाखवले, ‘समजलं का’ विचारलं आणि ‘हो जी’ ऐकून पान उलटलं, त्यांच्यातल्या किती जणांना काय ऐकू गेलं होतं, हे आता कळायला मार्ग नाही.

मागच्या हिवाळ्यात मला मेंदूचा सौम्य झटका आला आणि त्यानंतर दोनदा फिट आली. नागपूरच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषध लिहिलं. त्याचं नाव मी ओळखलं. कंपनीच्या त्या पत्रात, मयताला कधीही दिलं गेलं नाही असा ज्याबद्दल खुलासा होता, तेच नाव. आता ते कुठल्याही दुकानात मिळतं. सकाळी एक, संध्याकाळी एक. औषध उत्तम आहे. मला पुन्हा फिट आलेली नाही.